आयआरएसचा ‘इंटरॅक्टिव्ह टॅक्स असिस्टंट’: क्रेडिटची पात्रता तपासायला कितपत उपयोगी?

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर जानेवारी ते एप्रिल या काळात एक प्रश्न हमखास येतो: ‘आम्हाला चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळेल का?’ त्याखाली जमणारी उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण उत्तर देणारा प्रत्येक जण स्वतःच्या व्हिसाचा, स्वतःच्या पगाराचा आणि स्वतःच्या मुलांचा अनुभव सांगत असतो. याच प्रश्नासाठी आयआरएस, म्हणजे अमेरिकेचे संघीय करखाते, आपल्या संकेतस्थळावर ‘इंटरॅक्टिव्ह टॅक्स असिस्टंट’ नावाचे मोफत साधन देते, आणि कमी किंवा मध्यम कमाईच्या लोकांना मिळणाऱ्या अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिटसाठी ‘ईआयटीसी असिस्टंट’ नावाचे वेगळे साधन देते. २०२५ या करवर्षाचे, म्हणजे १५ एप्रिल २०२६ पर्यंत भरायचे रिटर्न डोळ्यांसमोर ठेवून ही दोन्ही साधने आपल्याकडच्या नेहमीच्या कौटुंबिक परिस्थितींवर तपासून पाहिली, त्याचे हे परीक्षण आहे. माझे मत आधीच सांगतो. ज्यांचे करविषयक रहिवासीपण (करापुरते अमेरिकेचे रहिवासी धरले जाणे) वर्षभर स्थिर होते, त्यांना यापेक्षा विश्वासार्ह मोफत उत्तर सहसा मिळणार नाही; ज्यांचे ते रहिवासीपण वर्षाच्या मध्ये बदलले, त्यांच्यासाठी हे साधन नाही, आणि ते तसे पहिल्याच पानावर सांगते.

वापरायला ते सोपे आहे. खाते उघडावे लागत नाही. नाव किंवा सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) विचारला जात नाही. त्यामुळे काल्पनिक आकडे घालून ‘असे झाले असते तर’ हेही निर्धास्तपणे पाहता येते. प्रत्येक विषयाच्या आरंभी कोणती माहिती हाताशी ठेवावी याची यादी आणि लागणाऱ्या वेळेचा अंदाज दिलेला असतो, त्यानंतर एकेक प्रश्न येतो आणि शेवटी निष्कर्षाचे पान मिळते, जे छापून ठेवता येते. पंधरा मिनिटे काही हालचाल झाली नाही तर मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तेव्हा डब्ल्यू-२ (नोकरी देणाऱ्याकडून मिळणारे वर्षाच्या पगाराचे विवरण) शोधायला माळ्यावर चढण्याआधीच तो काढून ठेवलेला बरा. निष्कर्ष आपण दिलेल्या उत्तरांवर अवलंबून असतो आणि तो खात्यावर बंधनकारक नसतो, हेही तिथे स्पष्ट लिहिलेले आहे.

भारतातून नव्याने आलेल्यांसाठी एक खुलासा इथे करायला हवा. ८०सीची वजावट उत्पन्नातून होते आणि उरलेल्या उत्पन्नावर कर लागतो. क्रेडिट मात्र थेट देय करातून कमी होते, आणि काही क्रेडिटांचा काही भाग कर शून्यावर आल्यानंतरही रिफंड म्हणून हातात मिळतो. त्यामुळेच इथे पात्रतेचा एखादा प्रश्न चुकला की फरक शे-दोनशे डॉलरचा राहत नाही.

साधनाचा सर्वांत चांगला भाग चाइल्ड टॅक्स क्रेडिटचा आहे. ४ जुलै २०२५ रोजी झालेल्या कायद्याने या क्रेडिटची रक्कम मुलामागे २,००० डॉलरवरून २,२०० डॉलर केली आणि ती २०२५ पासूनच लागू झाली. मूल वर्षअखेरीस १७ वर्षांखालील असावे, निम्म्याहून अधिक वर्ष तुमच्याबरोबर राहिलेले असावे, अमेरिकेचे नागरिक किंवा करदृष्ट्या रहिवासी असावे, आणि त्याच्याकडे नोकरीसाठी वैध असा सोशल सिक्युरिटी नंबर असावा, या अटी प्रश्नांच्या रूपाने एकामागून एक येतात. मी घेतलेले उदाहरण आपल्याकडे घरोघरी सापडेल: वडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, आई एच-४ या त्यांच्या कुटुंबीयांसाठीच्या व्हिसावर, थोरली मुलगी पुण्यात जन्मलेली आणि एच-४वर, धाकटा मुलगा न्यू जर्सीत जन्मलेला. एच-४वरच्या मुलीला सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. तिच्यासाठी डब्ल्यू-७ अर्ज भरून आयटिन, म्हणजे केवळ करासाठीचा क्रमांक, घ्यावा लागतो. साधनाने या दोन भावंडांना अचूक वेगळे केले. धाकट्यासाठी २,२०० डॉलरचे क्रेडिट, तर थोरलीसाठी ‘क्रेडिट फॉर अदर डिपेंडंट्स’, म्हणजे इतर अवलंबितांसाठीचे ५०० डॉलर, आणि तेही केवळ करातून वजा होणारे, रिफंड म्हणून न मिळणारे. एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावंडांमध्ये १,७०० डॉलरचा हा फरक पालकांना अन्यायकारक वाटतो, पण २०१७ च्या करकायद्यापासून नियम हाच आहे. मुलीला पुढे ग्रीन कार्ड आणि त्यासोबत नंबर मिळाला, म्हणून मागच्या वर्षांची रिटर्न दुरुस्त करून क्रेडिट मागता येत नाही, कारण नंबर त्या त्या वर्षाच्या रिटर्नच्या मुदतीपर्यंत मिळालेला असावा लागतो. ओळखीच्या एका कुटुंबाला पैसे घेऊन रिटर्न भरून देणाऱ्याने याच्या नेमके उलट सांगितले होते.

नव्या कायद्याने आणखी एक अट घातली आहे: पालकांपैकीही किमान एकाकडे नोकरीसाठी वैध सोशल सिक्युरिटी नंबर असला पाहिजे. वडिलांकडे तो असल्याने, आईकडे केवळ आयटिन असला तरी आमच्या उदाहरणातल्या कुटुंबाचे काही अडत नाही. मात्र ‘नोकरीसाठी वैध’ या शब्दांपाशी अनेक जण थबकतात, कारण एच-१बीवर आलेल्यांच्या कार्डावर ‘केवळ डीएचएसच्या (अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या) परवानगीने नोकरीस वैध’ अशा अर्थाची ओळ छापलेली असते. ती परवानगी चालू असेल तर असा नंबर या क्रेडिटांसाठी वैधच धरला जातो. कार्डाचे तीन प्रकार असतात, आणि अडचण ‘नोकरीस वैध नाही’ असे छापलेल्या प्रकाराची असते. प्रश्नाच्या बाजूलाच तिन्ही प्रकारच्या कार्डांची चित्रे दिली असती, तर निम्म्या शंका जागीच मिटल्या असत्या. सध्या ‘होय’ की ‘नाही’ हे वापरणाऱ्याने स्वतःच ठरवायचे आहे, आणि इथे चुकून ‘नाही’ दाबले की पुढचे सगळे दार बंद होते.

उत्पन्नाच्या वरच्या मर्यादेबाबत साधन बिनचूक वाटले. संयुक्त रिटर्न भरणाऱ्यांसाठी ४ लाख डॉलर आणि एकट्याने भरणाऱ्यांसाठी २ लाख डॉलर ही सीमा आहे, आणि तिच्यापुढे दर १,००० डॉलरमागे ५० डॉलर कमी होतात. बे एरियात दोघेही सॉफ्टवेअरमध्ये असलेले जोडपे ४ लाख ३० हजारांवर गेले, तर आमच्या दोन भावंडांचे मिळून होणारे २,७०० डॉलर १,२०० वर येतील. ‘आपला पगार जास्त, आपल्याला काही मिळणार नाही’ असे म्हणून हा प्रश्न सोडून देणाऱ्यांपैकी बरेच जण प्रत्यक्षात पूर्ण क्रेडिटला पात्र असतात. खालच्या टोकाला नियम वेगळा आहे. २०२५ साठी मुलामागे जास्तीत जास्त १,७०० डॉलर रिफंड म्हणून मिळू शकतात, पण २,५०० डॉलरच्या वरच्या कमाईच्या १५ टक्क्यांपर्यंतच. त्यामुळे एका मुलाच्या पालकाला पूर्ण १,७०० मिळण्यासाठी सुमारे १४,००० डॉलरची कमाई लागते.

‘ईआयटीसी असिस्टंट’ मराठी मंडळी सहसा उघडतही नाहीत. १९७५ पासून असलेले हे क्रेडिट गरिबांसाठी आहे, आपले त्यात काही नाही, असा समज आहे. तो एच-१बीवर उत्तम पगार घेणाऱ्यांपुरता खरा असेल. पण भावंडाच्या अर्जावर ग्रीन कार्ड मिळवून पन्नाशीत आलेले आणि दुकानात किंवा गोदामात तासाच्या मजुरीवर काम करणारे जोडपे, घटस्फोटानंतर मुलांसह एकटी राहणारी आई, किंवा फेब्रुवारीत नोकरी गेल्यावर वर्षभर परत न मिळालेला इंजिनियर, हेही आपल्यातलेच लोक आहेत. पात्र असलेल्या साधारण पाचांपैकी एक जण हे क्रेडिट मागतच नाही, असा खुद्द आयआरएसचा अंदाज आहे. २०२५ साठी दोन मुले असलेल्या कुटुंबाला ते जास्तीत जास्त ७,१५२ डॉलर आणि तीन किंवा अधिक मुलांना ८,०४६ डॉलर मिळू शकते, आणि ते पूर्णपणे रिफंड होणारे आहे. संयुक्त रिटर्न भरणाऱ्यांना दोन मुलांसाठी उत्पन्नाची कमाल मर्यादा ६४,४३० डॉलर आहे. मुले नसतील तर क्रेडिट ६४९ डॉलरच्या पुढे जात नाही, आणि वय २५ ते ६४ असावे लागते.

हे साधन केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ सांगून थांबत नाही, तर रकमेचा अंदाजही देते, आणि मागील वर्षांसाठीही वापरता येते. रिफंड मागण्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असल्याने ही सोय महत्त्वाची आहे. नोकरी गेलेल्यांनी एक भेद लक्षात ठेवावा: बेकारी भत्ता एकूण उत्पन्नात धरला जातो, पण ‘कमाई’ म्हणून धरला जात नाही, तेव्हा तो योग्य रकान्यातच टाकला पाहिजे.

आमच्या एच-१बीच्या काल्पनिक कुटुंबाचे उत्पन्न नोकरी गेल्यामुळे ४०,००० डॉलरवर आले असे मानून पाहिले, तर साधनाने नकार दिला, आणि तो बरोबर आहे. अर्न्ड इन्कम क्रेडिटला संयुक्त रिटर्नवरच्या दोघाही जोडीदारांकडे नोकरीसाठी वैध सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. वर्क परमिट नसलेल्या एच-४वरच्या आईकडे फक्त आयटिन आहे, म्हणून मुलगा अमेरिकी नागरिक असूनही संपूर्ण कुटुंब अपात्र ठरते; त्याच कुटुंबाला त्याच मुलासाठी चाइल्ड टॅक्स क्रेडिट मात्र मिळते. दोन क्रेडिटांमधला हा फरक आपल्या लोकांच्या सर्वाधिक उपयोगाचा, आणि साधनाची सर्वांत मोठी उणीव इथेच दिसते. ते विचारलेल्या क्रेडिटबद्दलच बोलते. एका साधनात नकार मिळालेल्या माणसाला ‘दुसरीकडे तुम्ही पात्र असू शकाल, ते पाहा’ असे समजावून पुढे न्यायला हवे. ते होत नसल्याने प्रत्येक क्रेडिटचा प्रश्न स्वतंत्रपणे चालवावा लागतो.

गुंतवणुकीच्या उत्पन्नाचा प्रश्नही जपून सोडवावा. २०२५ मध्ये व्याज, लाभांश, भांडवली नफा आणि यांसारखे उत्पन्न ११,९५० डॉलरहून अधिक असेल तर अर्न्ड इन्कम क्रेडिट मिळत नाही. भारतातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यावरचे व्याज तिथे करमुक्त असते, म्हणून ते इथेही मोजायचे नाही, असे समजणारे पुष्कळ भेटतात. अमेरिकेच्या रहिवाशाला मात्र जगभरचे उत्पन्न दाखवावे लागते आणि ते व्याज त्यात येते. साधन ‘गुंतवणुकीचे उत्पन्न’ एवढेच विचारते. ठाण्याच्या बँकेतली मुदत ठेव आपोआप कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

आता ज्यांना हे साधन उंबऱ्यावरूनच परत पाठवते, त्यांच्याविषयी. बहुतेक विषयांच्या आरंभीच सूचना असते की हे साधन संपूर्ण करवर्ष अमेरिकेचे नागरिक किंवा करदृष्ट्या रहिवासी असलेल्यांसाठी आहे, आणि विवाहितांच्या बाबतीत जोडीदारही तसाच असावा. भारतातून येणाऱ्यांच्या बाबतीत ही सूचना औपचारिक नाही. व्हिसा कोणता, यावरून रहिवासीपण थेट ठरत नाही. ग्रीन कार्ड नसेल तर मुक्कामाचे दिवस मोजले जातात: चालू वर्षात किमान ३१, आणि चालू वर्षाचे सर्व, आदल्या वर्षाचे एक-तृतीयांश व त्याआधीच्या वर्षाचे एक-षष्ठांश मिळून किमान १८३. म्हणून प्रथमच अमेरिकेत येऊन मे महिन्यात एच-१बीवर कामाला लागलेला माणूस त्या वर्षी अर्धा अनिवासी आणि अर्धा रहिवासी ठरतो, तर सप्टेंबरमध्ये आलेला पूर्ण वर्ष अनिवासी राहतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्यांचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस सहसा मोजलेच जात नाहीत, त्यामुळे शिकणाऱ्या आणि ओपीटीवर (शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या नोकरीच्या परवानगीवर) नोकरी करणाऱ्या बऱ्याच मुलामुलींनी १०४०-एनआर हा अनिवासींचा फॉर्म भरायचा असतो. भारत-अमेरिका करकराराच्या २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट) मिळते, ही सवलत अनिवासी असतानाच मिळणारी आहे. अर्न्ड इन्कम क्रेडिट मात्र त्यांना मिळत नाही. सॉफ्टवेअरने रहिवाशांचा साधा १०४० फॉर्म भरून दिला आणि रिफंड मोठा दिसला म्हणून आनंदणाऱ्यांनी आधी हे तपासावे.

विवाहितांना एक मार्ग उपलब्ध असतो. वर्षअखेरीस जोडीदारांपैकी एक जण रहिवासी ठरत असेल, तर दोघे मिळून संपूर्ण वर्षासाठी रहिवासी मानले जाण्याची निवड करू शकतात आणि संयुक्त रिटर्न भरू शकतात. त्याने स्टँडर्ड डिडक्शन आणि कुटुंबाची क्रेडिटे खुली होतात, पण जानेवारीपासूनचा पुण्यातला पगारही त्याच रिटर्नवर येतो. त्यावर भारतात भरलेल्या कराचे श्रेय फॉर्म १११६ ने घेता येते. फॉर्म २५५५ वापरून परदेशी कमाई वगळण्याचा मोह झाला, तर चाइल्ड टॅक्स क्रेडिटचा रिफंड होणारा भाग आणि अर्न्ड इन्कम क्रेडिट ही दोन्ही हातची जातात. कोणता पर्याय लाभाचा, हे दोन्ही प्रकारे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही, आणि या साधनात अशी मांडणी करता येत नाही. हे काम अनिवासी करदात्यांची रिटर्न नियमित भरणाऱ्या सीपीएचे, म्हणजे परवानाधारक लेखापालाचे, आहे; त्या एका वर्षी त्याचे शुल्क द्यावे.

आईवडिलांना डिपेंडंट म्हणून दाखवता येईल का, यासाठी वेगळा विषय आहे आणि तिथले प्रश्न नेमके आहेत. नाशिकला राहणाऱ्या आईवडिलांना आपण दरमहा पैसे पाठवतो, एवढ्यावर ते डिपेंडंट होत नाहीत. ती व्यक्ती अमेरिकेची नागरिक, रहिवासी, किंवा कॅनडा अथवा मेक्सिकोची रहिवासी असावी लागते. भारत त्या यादीत नाही. ग्रीन कार्डावर इथे राहणाऱ्या आईचे २०२५ चे उत्पन्न ५,२०० डॉलरहून कमी असेल आणि तिचा निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही करत असाल, तर ५०० डॉलरचे क्रेडिट मिळते. तिच्या मुदत ठेवींचे व्याज आणि वाड्याचे भाडे या मर्यादेत धरायचे आहे. दरवर्षी सहा-सहा महिने बी-२ या पर्यटक व्हिसावर येऊन राहणारे आईवडील दिवसांच्या गणिताने रहिवासी ठरू शकतात, असे कुणी हळूच सुचवते. पण मग त्यांचे जगभरचे उत्पन्न अमेरिकेच्या करखात्यापुढे येते, आणि पाचशे डॉलरसाठी तो खटाटोप करावा असे मला वाटत नाही.

पाळणाघराच्या खर्चाच्या क्रेडिटबद्दल थोडक्यात. १३ वर्षांखालील एका मुलासाठी ३,००० आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी ६,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरला जातो, पण दोघेही जोडीदार कमावते असावे लागतात. एच-४वरची पत्नी नोकरी करत नसेल आणि पूर्णवेळ विद्यार्थिनीही नसेल, तर क्रेडिट शून्य. साधन हे तिसऱ्या-चौथ्या प्रश्नातच सांगून मोकळे होते.

भाषेच्या बाबतीत हे साधन मराठी माणसाला इंग्रजीवरच सोडते. खात्याकडून येणारी पत्रे कोणत्या भाषेत हवीत, हे कळवण्याच्या ‘शेड्यूल एलईपी’मध्ये गुजराती, पंजाबी, उर्दू आणि बंगाली आहेत, मराठी नाही. ज्येष्ठांना प्रश्नांतली इंग्रजी जड जाते, आणि त्यांच्यासाठी ‘विटा’ ही स्वयंसेवकांची मोफत सेवा अधिक योग्य ठरते. ग्रंथालयांत आणि सामाजिक केंद्रांत चालणाऱ्या या केंद्रांची उत्पन्नमर्यादा २०२५ च्या हंगामात साधारण ६७,००० डॉलर होती, आणि भरलेले रिटर्न तिथे दुसऱ्या व्यक्तीकडून तपासले जाते. परदेशी विद्यार्थ्यांची किंवा आयटिनची कामे प्रत्येक केंद्र करत नाही, म्हणून जाण्याआधी फोन करून विचारावे.

निष्कर्षाचे पान छापून जपून ठेवा, पण त्यावर विसंबून उत्तरे ‘जुळवून’ देऊ नका. नियमांकडे बेपर्वाईने दुर्लक्ष करून अर्न्ड इन्कम किंवा चाइल्ड टॅक्स क्रेडिट मागितल्याचे ठरले, तर दोन वर्षे, आणि लबाडी सिद्ध झाली तर दहा वर्षे ते क्रेडिट मागता येत नाही. ही दोन क्रेडिटे रिफंडात असतील तर फेब्रुवारीच्या मध्याआधी आयआरएसला रिफंड देता येत नाही, हेही ठाऊक असावे, म्हणजे जानेवारीत रिटर्न भरूनही पैसे का आले नाहीत याची चिंता लागणार नाही.

वरचे सर्व २०२५ या करवर्षापुरते आहे. रिफंड होणाऱ्या क्रेडिटांवर २०२६ पासून काही बिगरनागरिकांसाठी निर्बंध आणण्याचा मानस अमेरिकेच्या अर्थखात्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला आहे, तेव्हा एच-१बीवरच्या कुटुंबांनी पुढच्या वर्षी हेच प्रश्न नव्याने चालवून पाहावेत. शिवाय हे साधन केवळ संघीय कराचे आहे. न्यू जर्सी संघीय अर्न्ड इन्कम क्रेडिटच्या ४० टक्के इतके स्वतःचे क्रेडिट देते आणि सहा वर्षांखालील मुलांसाठी, उत्पन्न ८०,००० डॉलरपर्यंत असल्यास, वेगळे क्रेडिटही देते. कॅलिफोर्निया आपले राज्यस्तरीय अर्न्ड इन्कम क्रेडिट आयटिनवरही देते. संघीय साधनाने नकार दिलेले कुटुंब राज्याच्या क्रेडिटला पात्र असू शकते, आणि ते राज्याच्या करखात्याच्या संकेतस्थळावरच पाहावे लागते.